दहाव्या पानावरच कळणारा खुनी

प्रिय गड्या,

पोरांसाठी लिहितोय त्या माझ्या कादंबरीवरचं तुझं पत्र आलं तेव्हा वावरात कापूस वेचणी चालू होती. धुऱ्यावर बसून वाचलं, रात्री पुन्हा वाचलं. "खुनी दहाव्या पानावरच कळते, मंग पोट्टे पुढं काऊन वाचतीन?" तुझा प्रश्न रास्त आहे. पण खुनी कोण हे आपल्याकडं कोणत्या गावाला ठाऊक नसतं रे? गाव लपवतं ते कारण.

२९ सप्टेंबर २००६. आपण नववीत होतो. भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित घरातली चार माणसं मारली, आणि नागपूर-अमरावतीत लोक रस्त्यावर उतरेपर्यंत नोव्हेंबर उजाडला. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी सुनावली, २०१० मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं ती २५ वर्षांच्या जन्मठेपेवर आणली. ॲट्रॉसिटीचा कायदा मात्र दोन्हीकडं लागला नाही. मारणारे सापडले, जात निकालाबाहेर राहिली. माझी कादंबरी तिथून सुरू होते.

तू अमेरिकन हायस्कुलातल्या रहस्यकथा पाठवल्यास, त्यानंतर मी तिथला इतिहास वाचत गेलो. १९५४ साली त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा बेकायदा ठरवल्या. तरी १९५७ मध्ये लिटल रॉकला नऊ काळ्या पोरापोरींना शाळेत पोचवायला राष्ट्राध्यक्षांना सैन्य धाडावं लागलं. त्याच्या दोन वर्षं आधी मिसिसिपीत एमेट टिलला मारलं. १४ वर्षांचं काळं पोरगं. सगळ्या गोऱ्या ज्युरीनं दोघा आरोपींना सोडलं, आणि काही महिन्यांतच त्या दोघांनी पैसे घेऊन एका मासिकाला सांगितलं, हो, आम्हीच मारलं. एकदा सुटलेल्यावर त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा चालत नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही. तिथं कातडी दिसते, इथं "आडनाव काय?" विचारतात.

माझ्या गोष्टीत दहावीतल्या पोराचं प्रेत शाळेच्या विहिरीत सापडतं. पाय घसरला म्हणतात. "कालपर्यंत तर वर्गात होता," सर पोलिसांना सांगतात. नववीतली त्याची बहीण हजेरीपट उघडते. पोरगा सोमवारपासून घरी आलेला नाही, बुधवारी सापडला, आणि मंगळवारची त्याची हजेरी लागलेली आहे. शेवटच्या बाकाकडं न बघताच सर रोज हजेरी मांडत होते. तो कधी दिसेनासा झाला हे सांगणारं वर्गात कोणीच नाही. हीच त्या पोरीच्या हाती लागलेली पहिली खूण. पुढची दीडशे पानं ती एकच विचारत फिरते: माझ्या भावाला मारायचं कारण काय होतं? पोट्टे वाचतील, बाप्पा. त्यांना हा वर्ग ओळखीचा आहे.

एक प्रसंग मात्र चारदा लिहून फाडला. माठाचा. दुपारच्या सुटीत चपराशी तुझ्या हातात स्टीलचा गिलास द्यायचा, आणि माझी पाळी आली की ओगराळं वर धरून ओंजळीत पाणी सोडायचा. अर्धं कोपरावरून शर्टात जायचं. स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी सर भर वर्गात जात विचारून उभं करायचे, त्यापेक्षा मला ते ओलं कोपर जास्त लागलेलं आहे. माझ्या बाजूनं लिहिलं की तक्रार वाटते, आणि पोरीच्या तोंडी घातलं की भाषण होतं.

तू तिथंच उभा असायचास, गिलास भरून. आपण त्यावर कधी बोललो नाही. एका बाकावर तीन वर्षं बसलो तरी नाही. मला तुझ्यावर राग नाही, पण मला ते तुझ्याकडून हवं आहे: तू काय पाहत होतास, पाणी पिताना मान खाली घालायचास का, घरी गेल्यावर आईला कधी सांगितलंस का. जसं आठवेल तसं लिही, सुधारू नको. वेचणी संपायच्या आत धाड.

तुझाच,
बाकावरचा जोडीदार