शेंगदाणा, अ‍ॅसिडची बाटली आणि डॉ. जॅक्सन

मा. संपादक,
स. न.

मे महिन्याची सुट्टी तोंडावर आली आहे. मुंबईची पोरं गावी येतील, खळ्यात भाजलेले काजूगर, शेंगदाणे, उकडलेल्या आठळ्या फस्त होतील. म्हणूनच श्वासनलिकेत, अन्ननलिकेत अडकलेल्या वस्तू काढणाऱ्या डॉ. शेव्हॅलियर जॅक्सन (१८६५–१९५८) या अमेरिकन डॉक्टरांविषयी लिहावंसं वाटलं.

श्वासनलिकेत नळी घालून अडकलेलं हाड पहिल्यांदा काढलं ते जर्मनीतल्या गुस्ताव किलियन यांनी, १८९७ साली. ही विद्या पुढे घासूनपुसून पक्की केली, शेकडो डॉक्टरांना शिकवली ती पिट्सबर्गच्या जॅक्सन यांनी. रुग्णांच्या श्वासनलिकेतून, अन्ननलिकेतून निघालेल्या दोन हजारांहून जास्त वस्तू त्यांनी जपून ठेवल्या. उघड्या सेफ्टी पिना, नाणी, बटणं, खिळे. फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात त्या आजही आहेत.

शेंगदाण्याची त्यांना फार धास्ती होती, आणि ती रास्त होती. तो एक्स-रेत दिसत नाही, आत फुगतो, सूज आणतो. पोराला आधी जोराचा ठसका लागतो, मग ते शांत होतं आणि घरचे निर्धास्त होतात. काही दिवसांनी ताप-खोकला सुरू झाला की कफाचं औषध दिलं जातं, त्या ठसक्याबद्दल डॉक्टरांना कोणी सांगतच नाही. कृपा करून सांगा. चार-पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा दाणा देऊच नका, कूट करून द्या. घास अडकला तर दिसत नसताना घशात बोट घालू नका, तो आणखी खाली जातो.

पण मला जॅक्सन मोठे वाटतात ते दुसऱ्याच कामासाठी. त्या काळी तिकडच्या घराघरांत साबणासाठी, मोऱ्या साफ करायला कॉस्टिक सोडा असे. साखर समजून मुलं तो तोंडात टाकत. अन्ननलिका भाजून अशी आक्रसे की पाण्याचा घोटही उतरेना. जॅक्सन त्या नलिका रुंद करत राहिलेच, शिवाय डब्यावर विषाची सूचना छापलीच पाहिजे म्हणून वर्षानुवर्षं भांडले. १९२७ साली तसा कायदा झाला.

आपल्याकडे आगळ, सरबत, तेल, सगळं जुन्या बाटल्यांत भरायची सवय. संडास धुण्याचं सुटं अ‍ॅसिडही शीतपेयाच्या बाटलीतच येतं आणि न्हाणीच्या कोपऱ्यात उभं राहतं. उन्हातून खेळून आलेल्या पोराने ती बाटली तोंडाला लावली तर दोष पोराचा नाही. असं झालंच तर उलटी करवू नका, बाटली घेऊन तडक दवाखाना गाठा.

ग्रामपंचायतींनी अशी सुटी विक्री थांबवावी. लहान मुलांच्या श्वासनलिकेतली वस्तू काढण्याची सोय रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत चोवीस तास असावी. जीव घुसमटलेलं मूल घेऊन घाट चढायला लागू नये. आपल्या दैनिकाने सुट्टीभर दर रविवारी याबद्दल एक ठळक चौकट छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, गुहागर