हिशेब पक्का, पण मुलगा ‘हुशार’ नाही?

सन्मान्य संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेले काही दिवस आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत प्राथमिक शाळांतील मुलांच्या गणितावर चर्चा चालू आहे. पाचवीतल्या मुलाला हातच्याची वजाबाकी येत नाही, आठवीतल्याला भागाकार जमत नाही, ही पत्रलेखकांची तक्रार खरी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत तेहेतीस वर्षे शिकवल्यानंतर ती मी नाकारणार नाही. मात्र या सगळ्या पत्रांत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली दिसते, ती अशी की जो हिशेब कागदावर उमटत नाही तो डोक्यातही नसतो. नोकरीत असताना मीही हेच धरून चालत होतो. ते चुकीचे आहे हे मला उमगले ते निवृत्तीनंतर, पिशवी घेऊन आठवडे बाजारात जाऊ लागल्यावर.

आमच्या गावचा बाजार गुरुवारी भरतो. तिथे बसणाऱ्या एका मावशींकडून मी नेहमी भाजी घेतो. परवा त्यांच्याकडून एकशेवीस रुपये किलोची गवार पाऊण किलो, ऐंशी रुपये किलोची वांगी साडेसहाशे ग्रॅम, शंभर रुपये किलोची मिरची पावशेर आणि पंधरा रुपयांची एक अशा मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि पाचशेची नोट पुढे केली. मावशी दुसऱ्या गिऱ्हाइकाला टोमॅटो मोजत होत्या. तागडीवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, “एकशे सत्त्याण्णव झालं मास्तर, तीन रुपयांची कोथिंबीर घाला पिशवीत, तीनशे परत देते.” मी त्यांना हा हिशेब मोठ्याने करून दाखवायला सांगितले, तेव्हा आधी त्या हसल्या. गवारीचे निम्म्याचे साठ आणि त्याच्या निम्म्याचे तीस, म्हणून नव्वद. वांग्यांचे अर्ध्या किलोचे चाळीस, शंभर ग्रॅमचे आठ, पन्नासचे चार, म्हणून बावन्न. नव्वदाला शंभर करायला बावन्नातले दहा काढले, उरले बेचाळीस. मिरची आणि मेथीचे पंचावन्न त्यांनी आधीच बाजूला जुळवून ठेवले होते. हे कुठे शिकलात, असे विचारल्यावर त्यांचे उत्तर होते, “शिकायचं काय त्यात, दिसतंच की ते.” मावशी दुसरीनंतर शाळेत गेलेल्या नाहीत.

यात नुसती सवय आहे, असे कोणी म्हणेल. सवय आहेच; पण सवयीने पाठांतर होते, त्या दिवशीच्या भावाला आणि त्या दिवशीच्या वजनाला साजेशी तोड सुचत नाही. पाऊण किलोला निम्मे करत जायचे, साडेसहाशे ग्रॅमला तुकडे पाडायचे आणि बेरजेत आधी शंभर गाठायचे, ही प्रत्येक वेळी नव्याने केलेली निवड आहे. पाठ्यपुस्तकाने यातल्या एकीलाही नाव दिलेले नाही, म्हणून ती आपल्याला गणित वाटत नाही.

खरे तर या निवडी आपल्या भाषेतच मुरलेल्या आहेत. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा. पावणेदोनशे म्हणजे दोनशेला पाव शेकडा कमी. सव्वाशे, दीडशे, अडीचशे हे शब्दच आकडा कसा तोडायचा ते सांगतात. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीने ‘वीस एक’ अशीही संख्यावाचनाची पद्धत सुचवली तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला, हे वाचकांना आठवत असेल. जोडाक्षरांनी अडखळणाऱ्या मुलांसाठी त्या सूचनेत तथ्य होते, असे मला आजही वाटते. पण एकोणतीसचे ‘वीस नऊ’ झाले की तिसावरून एक पाऊल मागे येण्याची खूण पुसली जाते, हा मुद्दा त्या वेळच्या थट्टामस्करीत कोणी फारसा मांडला नाही.

माझ्या वडिलांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनाचा पाढा असलेली औटकी शाळेतच घोकावी लागे. मापेही दुपटीने चढत जाणारी होती: दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशेरी, दोन अडशेऱ्यांची पायली. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पुढच्या वर्षापासून किलोग्रॅमची वजने आली आणि अपूर्णांकांचे हे पाढे हळूहळू वर्गातून गेले. ते जाणे योग्यच होते. आण्या-पैचे ओझे मुलांच्या डोक्यावर पुन्हा ठेवा, असे मी म्हणत नाही. पण वर्गातून गेलेली ती निम्मे करण्याची रीत बाजारातून गेली नाही. शेर कायद्याने संपून सहा दशके उलटली तरी मावशी अडीचशे ग्रॅमला पावशेरच म्हणतात, आणि पाव म्हटले की निम्म्याचे निम्मे करण्याची वाट त्यांच्यापुढे आपोआप उघडते.

जगात इतरत्र या गोष्टीचा रीतसर अभ्यास झालेला आहे. ब्राझीलमधील रेसिफी शहरात तेरेझिन्हा कॅराहर, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लिमान या संशोधकांनी रस्त्यावर नारळ, फळे वगैरे विकणाऱ्या नऊ ते पंधरा वर्षांच्या पाच मुलांना आधी गिऱ्हाईक बनून हिशेब विचारले आणि नंतर तीच गणिते कागद-पेन्सिल देऊन सोडवायला सांगितली. १९८५ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले: रस्त्यावर ९८ टक्के उत्तरे बरोबर, कागदावरच्या नुसत्या आकड्यांच्या गणितांत जेमतेम ३७ टक्के. मुले फक्त पाच होती, त्यामुळे टक्केवारीवर मी फार भर देणार नाही. त्यातल्या एका मुलाचा हिशेब मात्र प्रत्येक गणित शिक्षकाने वाचावा असा आहे. नारळ पस्तीसला एक. चार नारळ किती? मुलाला तीन नारळांचे एकशे पाच ठाऊक होते. त्यात तीस घातले, एकशे पस्तीस, आणि वरचे पाच मिळून एकशे चाळीस. पुढे त्याच मुलाला कागदावर पस्तीस गुणिले चार दिले, तेव्हा त्याने शाळेची रीत वापरली: पाच चोक वीस, हातचे दोन, तीन आणि दोन पाच, पुन्हा पाच चोक वीस. उत्तर लिहिले दोनशे. हातचा आधी मिळवायचा की गुणून झाल्यावर, एवढाच घोटाळा. रस्त्यावर चार नारळांचे दोनशे मागितले असते तर गिऱ्हाइकाच्या आधी तो स्वतःच चमकला असता. कागदावर त्याला काहीच खटकले नाही, कारण तिथे नारळ नव्हते, नुसती रीत होती.

आपल्या देशातला पुरावा अगदी ताजा आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांचा अभ्यास करून २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात लेख लिहिला. बाजारात बिनचूक हिशेब करणारी ही मुले पाठ्यपुस्तकी वजाबाकी-भागाकारात अडली, हे अपेक्षितच होते. त्यातला दुसरा भाग मात्र आपल्या चर्चेतून नेमका गळतो. बाजाराचा अनुभव नसलेली शाळेतली मुले पुस्तकातली गणिते बरी सोडवत होती आणि बाजारातल्या हिशेबात अडखळत होती. म्हणजे एकाकडे आहे ते दुसऱ्याकडे नाही आणि एकीकडचे दुसरीकडे आपसूक जातही नाही. तरीही आपण नापास ठरवतो तो एकालाच.

आपण हे ठरवतो ते आधी शब्दांनी. पहिला नंबर काढणाऱ्या मुलाला आपण हुशार म्हणतो. मावशींना म्हणतो पक्की, वस्ताद, फार तर चलाख, आणि रुपया-दोन रुपये जास्त घेतल्याचा संशय आला की बनेल. अगदी कौतुकाने बोलायचे झाले तर ‘व्यवहारज्ञान चांगले आहे’ म्हणतो, जणू ते बुद्धीच्या घरातले नसून ओसरीवरचे काही आहे.

यात मी स्वतः दोषी आहे. माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता, जो सुट्टीच्या दिवशी वडिलांबरोबर बाजारात भुईमुगाच्या शेंगा विकायला बसे. घटक चाचणीत त्याला अठरा गुणिले पस्तीस हे गणित आले. त्याने खाली सरळ सहाशे तीस लिहिले, उभी मांडणी नाही, हातचा नाही. शेजाऱ्याचे पाहून लिहिले असणार अशी माझी खात्री झाली. मी त्याला उभे केले आणि कसे काढलेस म्हणून दरडावून विचारले. तो चाचरत म्हणाला, “विसाचे सातशे, दोनाचे सत्तर काढले.” उत्तर आणि रीत, दोन्ही बरोबर होती आणि माझ्या फळ्यावरच्या रीतीपेक्षा दोन पायऱ्यांनी जवळची होती. मी त्याला तीनपैकी एक गुण दिला आणि ‘पायऱ्या दाखव’ असा लाल शेरा मारला. पुढच्या चाचणीत त्याने पायऱ्या दाखवल्या आणि उत्तर चुकवले. तेव्हा मी त्याला दोन गुण दिले. हा हिशेब मला आज फार टोचतो. त्याने वापरलेली युक्ती मी दुसऱ्या दिवशी वर्गाला शिकवली असती, तर उरलेल्या एकतीस मुलांचाही फायदा झाला असता.

मुलांनी शाळा सोडून बाजारात बसावे, असा माझ्या म्हणण्याचा अर्थ कोणी काढू नये. मावशींना अपूर्णांकांची बेरीज लिहिता येत नाही, बँकेतल्या कर्जाच्या कागदावरचे व्याज वाचता येत नाही, आणि त्याची किंमत त्यांनी मोजलेली आहे. लिहिलेल्या गणिताची ताकद वेगळी आहे आणि तिच्याशिवाय बीजगणिताचे दार उघडत नाही. म्हणूनच डोक्यातल्या हिशेबाला कागदापर्यंत आणण्याचे काम शाळेचे आहे. पण जे डोक्यात आहे त्याची दखलच घेतली नाही, तर आणणार काय?

यासाठी नवी योजना नको की नवे प्रशिक्षण नको. २०१० पासून राज्यात लागू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक, म्हणजे वर्षभर शिकवता शिकवता करायच्या, मूल्यमापनाच्या साधनांत ‘तोंडी काम’ आधीपासून आहे. बहुतेक शाळांत गणिताचे तोंडी काम म्हणजे पाढे म्हणून घेणे, इतकेच होते. मीही तेच करत आलो. त्याऐवजी शिक्षकाने मुलाला खऱ्या भावाचे, खऱ्या वजनाचे एक गणित तोंडी घालावे, उत्तर ऐकावे आणि मग कसे काढलेस ते विचारून मुलाचेच शब्द फळ्यावर लिहावेत. विसाचे सातशे, दोनाचे सत्तर काढले, हे चिन्हांत मांडले की कंसातल्या वजाबाकीचा धडा तिथेच सुरू होतो. लेखी परीक्षेतही उत्तर बरोबर आणि रीत सांगता येत असेल तर मांडणीचे गुण कापू नयेत, एवढे परिपत्रक शिक्षण विभागाने काढावे, अशी आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती आहे. तोंडी कामाच्या नोंदवहीत गुणांच्या शेजारी ‘कसे काढले’ असा एक रकाना आखायला तर परिपत्रकाचीही वाट पाहण्याची गरज नाही. पट्टी आणि पेन्सिल प्रत्येक शिक्षकाच्या टेबलावर आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
सांगली जिल्हा