मेंढीकोटचे नियम एकदा छापा की!

संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात शब्दकोडं असतं, सुडोकू असतं, राशिभविष्य तर असतंच, पण पत्त्यांवर कधी एक ओळ वाचल्याचं आठवत नाही म्हणून हे पत्र. आणि हो, पैसे लावून खेळतात त्या पत्त्यांबद्दल मी बोलत नाहीये, तो विषय वेगळा आणि मला त्यात पडायचंही नाही. सतरंजीवर गोल करून बसायचं, एक जोकर कधीचाच हरवलेला, किलवरच्या चव्वीचा कोपरा दुमडलेला त्यामुळे ती कुणाच्या हातात आहे हे सगळ्यांना पाठीमागूनच कळतं, त्या पत्त्यांबद्दल बोलतेय.

या खेळांचे नियम नुसते तोंडातोंडी चालत आलेत आणि प्रत्येक घराचा कायदा वेगळा. ब्रिजचं बरं आहे, त्याचे नियम छापील, कुठेही जाऊन खेळा तेच. आमच्या मेंढीकोटला, म्हणजे दोघादोघांच्या जोड्या करून चारही दश्श्या जिंकायच्या खेळाला, कोण विचारतंय.

माझंच सांगते. हुकूम म्हणजे बाकी सगळ्या रंगांना कापणारा रंग. माहेरी आम्ही बंद हुकूम खेळायचो. म्हणजे एक जण आपल्यातलं हुकमाच्या रंगाचं एक पान आधीच पालथं ठेवणार, आणि ज्याच्याकडे उतारीचा, म्हणजे पहिल्या टाकलेल्या पानाचा, रंग नाही त्याने 'हुकूम उघडा' म्हटलं तरच ते उघडणार, नाहीतर हातातलं कुठलंही फालतू पान टाकायचं आणि मोकळं व्हायचं. सासरी कट हुकूम. तिथे आधी हुकूम ठरतच नाही, ज्याच्याकडे पहिल्यांदा रंग नसेल तो जे पान टाकेल त्याचा रंग तोच हुकूम. हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, मेंढीकोट म्हणजे मेंढीकोट, त्यात काय विचारायचं!

लग्नानंतरचा पहिलाच डाव. सासरे माझे भिडू, समोर नवरा आणि नणंद. सासऱ्यांनी ऐटीत इस्पिकचा एक्का उतरला, नणंदेने छोटं इस्पिक टाकलं, माझ्याकडे इस्पिकचं एकही पान नव्हतं. मी म्हटलं एक्का आपलाच आहे, हात (म्हणजे चौघांनी टाकलेली ती चार पानं) आपलाच आहे, हुकूम कशाला उघडायला सांगू, आणि चौकटची दुर्री टाकली. एकदम शांतता. मग नणंद जी हसत सुटली ती थांबेचना. मी माझ्याच भिडूचा एक्का दुर्रीने कापला होता आणि वर चौकट हुकूम करून ठेवला होता, आणि चौकटचे एक्का, राजा, गुलाम तिघेही नवऱ्याच्या हातात. चारही दश्श्या तिकडे गेल्या, मेंढीकोट चढला. सासरे काही बोलले नाहीत. चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "पिस बाळा." हरणाऱ्याने पिसायचं हा नियम मात्र दोन्ही घरांत सारखा निघाला.

त्या दिवसापासून मी कुठेही खेळायला बसले की आधी विचारून घेते, बंद का कट? दोन दोन दश्श्या झाल्या तर ज्याचे सात हात तो जिंकला ना? तेराच्या तेरा हात केले तर बावन्नी, म्हणजे मेंढीकोटाहून मोठी जीत, मोजता का? लोक वैतागतात, म्हणतात वाट की आता. पण मधेच भांडण होतं ते यावरच होतं, आणि "आमच्यात असं नसतं" या वाक्यावर कुणाकडे उत्तर नसतं.

जजमेंटमध्येही, म्हणजे आपले किती हात होतील याची आधी बोली लावायच्या खेळातही, तेच. शेवटी बोली लावणाऱ्याने बेरीज जमू द्यायची नाही, म्हणजे पाच पानं वाटलीत आणि बाकीच्यांचे मिळून चार झालेत तर त्याने एक म्हणायचं नाही, कुणीतरी बुडालंच पाहिजे. मैत्रिणींच्या ग्रुपमध्ये निम्म्या जणींना हे माहीतच नव्हतं, त्यांच्या मते हा शुद्ध रडीचा डाव. मला तर त्यातच सगळी मजा वाटते.

पिसण्याबद्दल पण एक सांगायचंय. डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस या दोन गणितज्ञांनी १९९२ साली दाखवलं की दोन गठ्ठे करून एकमेकांत फर्रकन मिसळायची पद्धत असेल तर ५२ पानं नीट मिसळायला साधारण ७ वेळा पिसावं लागतं. आमच्याकडे दोनदा वरखाली केलं की वाटायला सुरुवात. आणि मेंढीकोटमध्ये एकेका हातात एकाच रंगाची पानं पडून एकत्र गोळा होतात, ती तशीच चिकटून राहतात, मग कुणाला तरी बदामची आठ पानं येतात आणि सगळे त्याला नशीब म्हणतात! नशीब कसलं, पिसणारा आळशी.

मोबाईलवर हे प्रश्न येत नाहीत हे खरंय. तिथे चुकीचं पान टाकताच येत नाही, गुण आपोआप मोजले जातात. पण आमचा सहा वर्षांचा भाचा गुलाम चोर (शेवटी ज्याच्याकडे गुलाम उरतो तो हरला) खेळतो तेव्हा गुलाम त्याच्याकडे आला की तो तेवढंच पान बोटभर वर काढून ठेवतो आणि आपला हात दुसऱ्या पानाकडे गेला की चेहरा पाडतो, ते मोबाईलमध्ये कुठून येणार. तो लिंबूटिंबू आहे म्हणून सगळे मुद्दाम वरचंच पान ओढतात. (एकदा मी नाही ओढलं, तर घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका.)

तर मागणी अशी की रविवारच्या पुरवणीत एक छोटा चौकोन द्या, दर आठवड्याला एक खेळ घ्या, बदाम सात, झब्बू, चॅलेंज, तीनशे चार, आणि वाचकांना आपापल्या घरचे नियम पाठवायला सांगा. तीनशे चार खेळणारे तर आमच्यात आता एक मामाच उरलेत, गुलामाचे ३० गुण, नव्वीचे २०, एक्क्याचे ११, दश्शीचे १०, राजाचे ३, राणीचे २, एका रंगाचे ७६ आणि चार रंगांचे ३०४, हे सुद्धा मी त्यांनाच विचारून लिहून घेतलंय.

सुरुवात पाच-तीन-दोनपासून (तिघांचा खेळ, एकाने पाच, एकाने तीन, एकाने दोन हात करायचे) केलीत तर बरं होईल कारण आमचा एक वाद अडकलाय. मागच्या डावात माझे पाचाच्या जागी सहा हात झाले, भावाचे तीनाच्या जागी दोन, म्हणजे मी त्याच्या हातातलं एक पान न बघता ओढणार आणि माझ्यातलं एक त्याला देणार, इथपर्यंत सगळ्यांना मान्य. पण द्यायचं पान त्याच रंगाचं पाहिजे का कुठलंही चालतं? आणि त्याच रंगाचं पाहिजे असेल, मी ओढला बदामचा एक्का आणि माझ्याकडे दुसरं बदामचं पानच नाही, तर काय तो एक्काच परत द्यायचा का?

आपली,
मेंढीकोट चढलेली एक सून