मधली पायरी गेली, तिचं काय?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या क्रीडा पानावर अमेरिकेतल्या मातीवरच्या मोटार शर्यतींबद्दलचा लेख वाचला. बरं वाटलं. एरवी मराठी वर्तमानपत्रात मोटार शर्यत म्हणजे फॉर्म्युला वन, आणि अमेरिका म्हटलं की फार तर नॅसकार. मातीच्या ट्रॅकवर पळणाऱ्या स्प्रिंट कारला कोणी विचारत नाही. मात्र लेखाबरोबरच्या फोटोतल्या गाडीच्या डोक्यावर पंख नव्हता आणि खाली ओळ होती ‘वर्ल्ड ऑफ आउटलॉज’ची. आउटलॉज ही या गाड्यांची देशभर फिरणारी मालिका, आणि तिच्यातल्या गाडीला पंख असतोच. बिनपंखाची गाडी यूएसएक या संस्थेच्या शर्यतीतली असणार. ही चूक किरकोळ म्हणून सोडून देता आली असती. पण ‘दोन मोठ्या मालिकांच्या (म्हणजे आउटलॉज आणि नवी ‘हाय लिमिट’) चुरशीमुळे या खेळाचं भलंच झालं’ असा लेखाचा शेवट आहे, आणि तो वाचून पत्र लिहायला बसलो.

मी मूळचा कोरेगाव तालुक्यातला. चौदा वर्षं पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गजवळ राहतो. विल्यम्स ग्रोव्हचा अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक घरापासून वीस मिनिटांवर. १९३९ सालचा आहे. एप्रिल ते ऑक्टोबर, पाऊस नसेल तर, शुक्रवारची संध्याकाळ तिथेच जाते. घरी परतल्यावर कानात माती निघते. बायकोने माझ्यासाठी वेगळा टॉवेल ठेवला आहे.

ज्यांनी ही गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चालकासकट वजन साधारण १,४०० पौंड, म्हणजे ६३५ किलोच्या आसपास, आणि इंजिन ४१० घनइंचांचं, म्हणजे ६.७ लिटरचं. ताकद ९०० अश्वशक्तीच्या घरात. गाडीला स्टार्टर नाही, क्लच नाही. मागून ट्रकने ढकलून सुरू करतात. इंधन मिथेनॉल. त्याची ज्वाळा उन्हात दिसत नाही, पण गाड्या रांगेत उभ्या राहिल्या की डोळे चुरचुरतात. उजवं मागचं चाक डाव्यापेक्षा बरंच मोठं, कारण वळायचं ते फक्त डावीकडे. आणि डोक्यावर पाच फूट बाय पाच फुटांचा पंख, जो गाडीला जमिनीवर दाबून धरतो. आधी गटवार हीट, मग हुकलेल्यांची एक शर्यत, मग फायनल. सातारा-सांगलीच्या बैलगाड्यांना गेलेल्या माणसाला गट, सेमी, फायनल ही रचना समजावून सांगावी लागत नाही.

आता चुरशीबद्दल. लेखकाने ती जणू आत्ताच सुरू झाली अशी मांडली आहे. आउटलॉज ही मालिका टेड जॉन्सन यांनी १९७८ साली उभी केली, तीच मुळी नियमांना कंटाळलेल्या लोकांची. आउटलॉ म्हणजेच पुंड. कोणत्याही संघटनेची चिठ्ठी न घेता, जिथे पैसे चांगले तिथे जाऊन पळवणाऱ्या चालकांची ती टोळी होती. त्या पुंडांचीही पुढे नियमावली झाली, कार्यालय झालं, करार झाले. मग त्यांच्यातूनच लोक फुटले. १९८९ मध्ये फुटलेल्यांनी युनायटेड स्प्रिंट असोसिएशन काढली. स्टीव्ह किन्सर, ज्याच्या नावावर पुढे आउटलॉजची वीस विजेतेपदं जमा झाली, तो त्या वर्षी तिकडे गेला आणि आउटलॉजचं विजेतेपद बॉबी डेव्हिस ज्युनियरला मिळालं. नवी मालिका एका हंगामात गुंडाळली गेली. २००६ मध्ये फ्रेड ब्राउनफिल्ड यांनी नॅशनल स्प्रिंट टूर सुरू केली. त्याच उन्हाळ्यात वॉशिंग्टन राज्यातल्या ट्रॅकवर गाड्या रांगेत लावताना गाडीची धडक बसून ते गेले. तीही मालिका एकाच वर्षाची ठरली.

यावेळी मात्र गोष्ट टिकली आहे. नॅसकारचा चालक काइल लार्सन आणि त्याचा मेहुणा ब्रॅड स्वीट यांनी २०२३ मध्ये आठवड्याच्या मधल्या दिवशी होणाऱ्या मोजक्या शर्यतींपासून ‘हाय लिमिट’ सुरू केली आणि २०२४ पासून ती देशभर फिरू लागली. स्वीट सलग पाच वर्षं आउटलॉजचा विजेता होता. तो तिकडून उठून स्वतःच्या मालिकेत आला आणि पहिल्याच वर्षी तिथलंही विजेतेपद त्याने घेतलं. वरच्या फळीतल्या संघांना दोन गिऱ्हाइकं मिळाली, बक्षिसं वाढली. इथवर लेखकाशी मी सहमत आहे.

ही राष्ट्रीय मालिका उभी करण्यासाठी २०२३ च्या अखेरीस ‘ऑल स्टार सर्किट ऑफ चॅम्पियन्स’ विकत घेण्यात आली. तोवर तिचा मालक होता नॅसकारचा माजी विजेता टोनी स्टुअर्ट. त्यानंतर स्वतंत्र मालिका म्हणून ती उरली नाही. लेखात हे एका अर्धवाक्यात उरकलं आहे, आणि माझ्या मते सगळी गोष्ट तिथेच आहे. ऑल स्टार ही ओहायो, पेनसिल्व्हेनिया, इंडियाना या पट्ट्यातली प्रादेशिक मालिका होती. शनिवारी गावच्या ट्रॅकवर पळवणारा आणि वर्षभर देश पालथा घालणारा यांच्यातली ती पायरी. नोकरी सांभाळून, रजा जुळवून, एखादा चालक वर्षाला तिच्या काही शर्यती करायचा आणि आपण किती पाण्यात आहोत ते बघायचा. आता पायरी नाही. खाली गावचा ट्रॅक, वर दोन माड्या, मध्ये पोकळी. दुसऱ्या बाजूने, आउटलॉज चालवणाऱ्या वर्ल्ड रेसिंग ग्रुपने ३६० घनइंचांच्या इंजिनांची एएससीएस ही मालिका आपल्याकडे घेतली. म्हणजे प्रादेशिक शर्यतीही हळूहळू या किंवा त्या छत्रीखाली चालल्या आहेत. प्रेक्षकाचंही तेच. इंटरनेटवर एकीची शर्यत फ्लोरेसिंगवर दिसते, दुसरीची डर्टव्हिजनवर. दोन्ही बघायच्या तर दोन वर्गण्या. मी एकच भरतो. कोणती, ते सांगत नाही, इथल्या शेजाऱ्यांत भांडणं लागतील.

न्यायाने सांगायचं तर दोन मोठ्या मालिकांच्या गाड्यांमध्ये फारसा फरक नाही. ४१० घनइंच, पंख, मिथेनॉल ही चौकट तीच. त्यांचं भांडण तारखांचं आणि चालकांच्या करारांचं आहे. नियमांचा खरा गुंता त्यांच्या खाली आहे. आमच्या भागात ४१० च्या खालोखाल ३५८ घनइंचांचा वर्ग चालतो. तासा-दोन तासांवर, पूर्व पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीकडे युनायटेड रेसिंग क्लबच्या शर्यती ३६० च्या. शिवाय ३०५ आहेतच. ३५८ आणि ३६० मध्ये फरक किती? दोन घनइंच, म्हणजे तेहतीस सीसी. आपल्या जुन्या लुनाचं इंजिनही पन्नास सीसीचं होतं! पण या तेहतीस सीसीच्या अलीकडे आणि पलीकडे दोन वेगळ्या नियमावल्या आहेत. इंजिनात काय चालेल, उजव्या मागच्या चाकाला कोणतं रबर चालेल, सगळ्याचे कागद वेगळे.

आमच्या कंपनीत एक मशिनिस्ट आहे. तो आणि त्याचा साडू मिळून एक ३५८ ची गाडी पळवतात. गेल्या सप्टेंबरात त्यांनी ओळखीच्या माणसाकडून ३६० चं इंजिन उसनं आणलं आणि शेजारच्या राज्यात एका रात्रीच्या शर्यतीला गेले. मीही गेलो होतो. माझं काम एवढंच, गाडी आली की लाकडी पट्टीने बाजूच्या पत्र्यांवरची माती खरवडायची. ही माती किलोंनी निघते. ती काढली नाही तर पुढच्या फेरीत तेवढं वजन उगाच ओढायचं. फायनलमध्ये आमची गाडी चौथी आली. काट्यावर वजन बरोबर भरलं. मग तपासणीसाने उजव्या मागच्या टायरकडे बॅटरी धरली, वाकून बाजूवरचा शिक्का वाचला, खिशातल्या यादीवर बोट फिरवलं आणि मान हलवली. त्या यादीत ते रबर नव्हतं. घरच्या ट्रॅकवर सबंध हंगाम तेच चाललं होतं. निकाल रद्द, बक्षीस रद्द. तपासणीस सभ्य माणूस होता, त्याने दोनदा ‘सॉरी’ म्हटलं, आणि चूक आमचीच होती, यादी आधी मागवायला हवी होती. परतीच्या तीन तासांत मशिनिस्ट एकच वाक्य बोलला: “टायर तोच, माती तीच, मग मी चोर कसा झालो?”

मला आमच्याकडची गोष्ट आठवली. बैलगाडा शर्यतींचेही महाराष्ट्रात निरनिराळे पंथ आहेत. जुन्नर-आंबेगावला घाट चढायचा, चार बैल, गाड्यावर माणूस नाही, बारी किती सेकंदांत झाली ते घड्याळ सांगणार. आमच्या सातारा-सांगलीला दोन बैल, वर हाकणारा, सपाटीवर शेजारशेजारच्या चाकोऱ्या आणि निशाणाला पहिला तो पहिला. विदर्भात शंकरपट आणखी तिसरा. हे सगळं एक करा असं कोणी म्हणत नाही, म्हणूही नये. ते वेगवेगळे खेळ आहेत. तसंच यूएसएकची बिनपंखाची गाडी हा वेगळा खेळ आहे. ती इंडियानात आडवी घसरत जाताना बघणं हे वेगळंच सुख आहे आणि तिला कोणी पंख लावू नये. पण आमच्याच तालुक्यात एका मैदानावर ज्या खोंडाला आदत, म्हणजे अजून दुधाच्या दातांचा, म्हणून चिठ्ठी दिली, त्याच खोंडाला पुढच्या रविवारी शेजारच्या मैदानावर दुसा, म्हणजे दोन पक्के दात आलेला, ठरवून बाहेर काढलं, तर बैलवाला काय करील? बैलाचे दात तर तेवढेच आहेत. एकाच खेळाला दोन मापं लावण्याबद्दल माझी तक्रार आहे.

लेखकाचं म्हणणं असं की स्पर्धा असली की माल सुधारतो. दुकानाच्या बाबतीत खरं आहे. पण इथे गिऱ्हाईक कोण आणि माल कोण? वरच्या वीस-पंचवीस संघांना दोन मालक मिळाले म्हणून भाव आला. खालचा चालक मात्र स्वतःच्या खिशातून इंजिन बांधतो, त्याला कोणीच मालक नको आहे. त्याला एक टायर हवा आहे जो शुक्रवारी, शनिवारी आणि शेजारच्या राज्यात रविवारीही चालेल. आज त्याला दोन टायरांचे संच आणि दोन इंजिनं बाळगावी लागतात, नाहीतर घरच्या ट्रॅकपुरतंच राहावं लागतं. आणि ज्या रात्री मोठी मालिका जवळच्या ट्रॅकवर येते, त्या रात्री बाकीच्या लहान ट्रॅकवर प्रेक्षक कमी. पूर्वी असं वर्षातून काही वेळा व्हायचं, कारण फिरणारी मोठी मालिका एकच होती.

इथल्या जुन्या लोकांना याची वेगळी खंत आहे. सेंट्रल पेनसिल्व्हेनियाच्या चालकांना ‘पॉसी’ म्हणतात. पुंड गावात शिरले की त्यांच्या मागे लागणारी गावकऱ्यांची तुकडी, या अर्थाने. ऑक्टोबरात विल्यम्स ग्रोव्हच्या नॅशनल ओपनला आउटलॉज येतात आणि गवताच्या उतारावर बसलेला पब्लिक पॉसीचा माणूस पुढे गेला की असा ओरडतो, की ९०० अश्वशक्तीची चोवीस इंजिनं चालू असूनही तो आवाज ऐकू येतो. माझ्या शेजारी बसणारे एक निवृत्त ट्रकवाले आजोबा परवा म्हणाले, पुंडांच्याच दोन टोळ्या झाल्या, आता आम्ही नेमकं मागे कोणाच्या लागायचं?

आपल्या लेखकाला माझा विरोध नाही. पुढचा लेख त्यांनी जरूर लिहावा. फक्त बक्षिसांचे आकडे देताना ज्यांना ती बक्षिसं कधीच मिळणार नाहीत त्यांच्या टायरची किंमतही विचारावी. आणि फोटो पाठवायला सांगावं, माझ्याकडे ढीगभर आहेत, सगळे पंखवाले.

मशिनिस्टाने उसनं इंजिन परत केलं. ३५८ पुन्हा गाडीत बसलं आहे. ते रद्द झालेलं रबर त्याने फेकलेलं नाही. गॅरेजच्या भिंतीला टेकवून ठेवलंय आणि त्यावर खडूने लिहिलंय, ‘फक्त घरी’. या शुक्रवारी पाऊस नसेल तर तेच लावून जाणार आहोत.

आपला,
एक जुना वाचक
(मूळ गाव ता. कोरेगाव, जि. सातारा, सध्या हॅरिसबर्गजवळ, पेनसिल्व्हेनिया)