माझारिराचा शब्द

प्रिय नंदा,

राणी म्हटलं की पडदा, दासी आणि सवतीमत्सर एवढंच सुचतं, असं तू परवा फोनवर म्हणालीस. म्हणून मुद्दाम माझारिराबद्दल लिहितेय.

आफ्रिकेतल्या झांबेझी नदीच्या दक्षिणेला, आजच्या झिंबाब्वेच्या उत्तर भागात मुतापा राजांचं राज्य होतं. जुन्या पोर्तुगीज नोंदींत राजाच्या नऊ प्रमुख राण्या दिल्या आहेत. त्यांत पट्टराणी माझारिरा, नात्याने राजाची बहीणच. प्रत्येकीचा वाडा वेगळा, जमीन वेगळी, रयत वेगळी. आपल्या रयतेचा न्यायनिवाडाही तीच करायची, अगदी देहदंडापर्यंत! पोर्तुगीजांचं दरबारात काम अडलं की माझारिराने राजाकडे शब्द टाकायचा. मुसलमान व्यापाऱ्यांसाठी बोलणारी राणी निराळी.

मोझांबिकला पोर्तुगीजांचा नवा कप्तान, म्हणजे तिथला मुख्य अधिकारी, आला की त्याने राजाला ‘कुर्वा’ पाठवायचा, म्हणजे मुख्यतः कापड. तो चुकला, तर राजा पोर्तुगीजांचा माल जप्त करवी. कुर्व्याबरोबर माझारिराचं कापड वेगळं जायचं. एरवीही राजाकडे किंवा राणीकडे रिकाम्या हाताने जायची सोय नव्हती. गाय, बकरी नसेल त्याने पोतंभर माती न्यायची, आपण मांडलिक आहोत हे दाखवायला; नाहीतर गवताचा भारा. राजाची घरंही गवतानेच शाकारलेली, त्यामुळे तो भाराही कामी यायचा. मला हे फार आवडलं.

पुढे १६२९ साली पोर्तुगीजांनी आपल्या मर्जीतला मावुरा गादीवर बसवला आणि त्याच्याकडून मांडलिकी लिहून घेतली. राजाच दुसऱ्याच्या हुकमात, मग राणीने कुणाकडे शब्द टाकायचा? १६५२ मध्ये त्याच्या मागून आलेल्या राजाचा बाप्तिस्मा झाला, राणीचाही. तिचं नाव लुईझा ठेवलं.

मला सगळ्यात लागतं ते वेगळंच. राणी वारली की तिच्या जागी दुसरी यायची आणि वाड्याबरोबर नावही तिला मिळायचं. त्यामुळे माझारिरा एकामागून एक होत गेल्या, आणि त्या यादीत एकीचंही जन्माचं नाव नाही. एवढा अधिकार गाजवलेल्या बायका गं!

मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्याहूनच चालायचा. तू पणजीच्या पुराभिलेखात बसतेस, तर तिकडच्या पत्रव्यवहारात कुर्व्याचा उल्लेख आला की राणीच्या कापडाबद्दल काय लिहिलंय ते जरूर बघ. आणि लगेच कळव, रात्र झाली असली तरी.

तुझी,
वसुधा