घोळीला तहान लागू द्या

प्रिय आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, कुंडीतल्या घोळीच्या भाजीचा फोटो पाहिला. बुडाशी काळपट, बिलबिलीत झालेलं खोड म्हणजे पाणी जास्त झालंय. मनाला लावून घेऊ नका, माझ्याही दोन कुंड्या अशाच गेल्या. घोळीच्या पानाखोडात पाणी साठलेलं असतं. तिला रोज पाणी घातलं की मुळं कुजतात. अजून ती वाचेल. वरचे चांगले, टणक शेंडे चार-चार बोटं लांब कापा, खालची पानं काढा आणि एक दिवस सावलीत सुकू द्या. मग नव्या मातीत खोचा. निम्मी माती, निम्मी जाड वाळू, आणि कुंडीला भोक हवंच. जुनी माती टाकून द्या. आठवडा-दीड आठवड्यात मुळं धरतील. पुढे माती बोटाच्या दोन पेरांपर्यंत कोरडी लागली तरच पाणी.

आई, सकाळी पान आंबट लागतं आणि दुपारी तेच पान साधं, हे वयामुळे नाही गं! तुझी जीभ अगदी बरोबर सांगतेय. पाणी कमी पडलं की घोळ दिवसा पानांची छिद्रं मिटून घेते. रात्री ती उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते आणि आम्लाच्या रूपात साठवते. दिवसभर उन्हात ते आम्ल वापरलं जातं. म्हणून आंबट हवं तर उजाडता तोड, नको तर दुपारनंतर.

तिला ऊन मात्र भरपूर लागतं, सहा तास तरी. खोड लांबट, पानं विरळ झाली की उजेड कमी पडतोय समजा. खिडकीत तेवढं ऊन नसेल तर एलईडी दिवा वीतभर उंचीवर बारा-चौदा तास चालू ठेवा. बी पेरलंत तर वर माती टाकू नका, नुसतं दाबा. त्याला उजेडातच कोंब फुटतो.

तोडताना खाली खोडाची दोन पेरं ठेवा, तिथून पुन्हा फुटते. तोडलेली न धुता कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

बाबा, आता तुमच्यासाठी. घोळीत ऑक्झलेट, म्हणजे मुतखडा ज्यापासून बनू शकतो तो क्षार, बरंच असतं आणि तुम्हाला मुतखडा होऊन गेलाय. डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नका. ते हो म्हणाले तरी उकडून, पाणी ओतून टाकून, थोडीच. आईच्या ताटातली कच्ची पानं उचलायची नाहीत.

आणि कुंडीत घोळीसारखंच पसरणारं दुसरं काही उगवलं तर आधी देठ मोडून बघा. पांढरा चीक आला तर ती घोळ नाही, तो चीक विषारी असतो. उपटा आणि हात धुवा.

शेंडे खोचले की रविवारी फोटो पाठवा. वरून नको, खोडाच्या बुडाचा, जवळून.

तुमची लेक