काकांच्या व्हॉल्व्हबद्दल

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला, आणि फोनवर घाईघाईत बोलण्यापेक्षा म्हटलं लिहूनच पाठवतो. काका 82 वर्षांचे, हृदयातून शरीरात रक्त जातं तिथला एओर्टिक व्हॉल्व्ह (झडप) खूप अरुंद झालाय, दम लागतोय, आणि या वयात तो बदलायचा की नाही यावरून घरात सगळे भांडतायत. माझं ऐकशील तर ठरवायच्या आधी कार्डिओलॉजिस्टसोबत एखाद्या जेरियाट्रिशियनलाही, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या डॉक्टरलाही, दाखव.

नुसतं टाळत बसू नका रे, दम किंवा चक्कर सुरू झाल्यावर काहीच केलं नाही तर साधारण निम्मे पेशंट दोन वर्षंही काढत नाहीत. 2002 मध्ये फ्रान्समध्ये अलँ क्रिबिए यांनी पहिल्यांदा छाती न उघडता कॅथेटरने, म्हणजे बारीक नळीतून, नवा व्हॉल्व्ह बसवला, त्यामुळे आता नव्वदीतल्यांचंही होतं. पण व्हॉल्व्ह छान बसला आणि माणूस अंथरुणातून उठलाच नाही, असंही होतं ना.

म्हणून वयापेक्षा अंगात ताकद किती उरलीय ते बघावं लागतं. 5 मीटर चालायला लावतात, 6 सेकंदांपेक्षा जास्त लागले तर चाल मंद धरतात. हाताचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठायला सांगतात, स्मरणशक्ती तपासतात, रक्तात हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन बघतात. साध्या गोष्टी आहेत, पण इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, कितीही चांगला काढला तरी त्यात हे दिसत नाही. आणि काका अशक्त निघाले म्हणजे लगेच नाही म्हणायचं असं नाही, कधीकधी व्हॉल्व्हमुळेच माणूस खंगलेला असतो, मग थोडा वेळ हातात असेल तर प्रोटीन, झेपेल तेवढा व्यायाम, अ‍ॅनिमियावर उपचार असं करून आधी अंगात ताकद आणता येते.

गोळ्यांची सगळी यादी घेऊन जा, झोपेची गोळी तर नक्की सांग. प्रोसिजरनंतर म्हातारी माणसं अचानक भ्रमिष्टासारखी बोलायला लागतात, त्याला डिलिरियम म्हणतात, झोपेच्या काही गोळ्यांनी ते वाढतं. तेव्हा चष्मा आणि कानाचं मशीन जवळच ठेव, घरचं कोणीतरी सोबत असू दे, लवकर उठवून बसवा.

आणि एक, काकांना स्वतःला काय हवंय ते कोणी विचारलंय का? जास्त वर्षं हवीत, की दम न लागता आपलं आपण हिंडता यायला हवं? आज त्यांच्याजवळ निवांत बस, विचार, आणि काय म्हणाले ते मला रात्री कळव.

तुझाच,
मित्र